परतीचे दोर कापू नका

‘परतीचे दोर कापून टाका’ हे वाक्य मी गेल्या चौदा वर्षांत इतक्या व्यासपीठांवरून ऐकलं आहे, की वक्त्याने सिंहगडाचं नाव घेतलं की पुढचं सगळं मला पाठ असतं. पुण्यात नव्या पेठेत मी अभ्यासिका चालवतो. स्पर्धा परीक्षा देणारी मुलंमुली माझ्याकडे टेबल घेतात, सकाळी सातला येतात आणि रात्री अकराला मी शटर ओढेपर्यंत बसतात. निकाल लागला की पेठेत फ्लेक्स लागतात, सत्कार होतात, भाषणं होतात. त्या भाषणांत सांगितलं जातं, की ध्येय गाठायचं असेल तर दुसरा विचार मनात आणू नका, हाती आलेली लहान नोकरी धरू नका, घरी परतायची वाट ठेवू नका. वाट दिसत राहिली की मन तिकडे ओढ घेतं आणि जिद्द पातळ होते. टाळ्या पडतात. समोर बसलेली पोरं वहीत ते वाक्य लिहून घेतात. हा सल्ला चुकीचा आहे आणि त्याने पोरांचं नुकसान होतं, असं मी उघडपणे म्हणतो. का म्हणतो, ते सविस्तर सांगायचं आहे.

२७ नंबरच्या टेबलावर एक मुलगा बसायचा. मराठवाड्यातला, घरी कोरडवाहू चार एकर. २०१९ साली एका सरकारी कार्यालयात लिपिक म्हणून त्याची निवड झाली. तो पेढे घेऊन आला, एक माझ्या हातावर ठेवला, पाया पडला. त्याच आठवड्यात तो एका भाषणाला जाऊन आला आणि हजर व्हायचं नाही असं त्याने ठरवलं. ‘काका, क्लार्क झालो तर क्लार्कच राहीन,’ म्हणाला. दुसऱ्या दिवशी टेबलासमोरच्या भिंतीवर त्याने एक कोरा कागद चिकटवला. त्यावर लाल स्केचपेनने दोनच शब्द होते, ‘दोर कापले’. त्याखाली राज्यसेवा पूर्वपरीक्षेची तारीख, ५ एप्रिल २०२०.

पुढे काय झालं ते त्या वर्षी अभ्यास करणाऱ्या सगळ्यांना ठाऊक आहे. टाळेबंदी आली. ५ एप्रिलची २६ एप्रिल झाली, मग १३ सप्टेंबर, मग २० सप्टेंबर, मग ११ ऑक्टोबर, मग १४ मार्च २०२१. प्रत्येक वेळी तो आधीच्या तारखेवर आडवी रेघ मारायचा आणि खाली नवी लिहायचा. १४ मार्चची परीक्षाही पुढे ढकलल्याचं ११ मार्चला कळलं, तेव्हा शास्त्री रस्ता पोरांनी भरून गेला होता. मीही शटर अर्धं ओढून तिथे जाऊन उभा राहिलो होतो. शेवटी २१ मार्चला पेपर झाला. कागदावर सात तारखा होत्या, सहा खोडलेल्या. त्या वर्षी तो पूर्वपरीक्षेतच थोड्या गुणांनी राहिला, पुढच्या वर्षी पूर्व निघाली पण मुख्य परीक्षेत अडकला, त्याच्या पुढच्या वर्षी पुन्हा पूर्वमध्ये राहिला. पुस्तकांचे दोन खोके बांधून गावी निघाला त्या दिवशी माझ्या खुर्चीसमोर उभा राहून तो म्हणाला, ‘काका, माझीच जिद्द कमी पडली.’

त्या एका वाक्यासाठी मी हे लिहितो आहे. चार वर्षं मी त्याला रोज पाहत होतो. ताप असताना तो आला आहे. मेसचे पैसे थकले की एक वेळच्या डब्यावर राहून आला आहे. दिवाळीला अभ्यासिका रिकामी होते, तेव्हा किल्ली मागून घेऊन एकटा बसला आहे. त्याच्यात जिद्द कमी होती असं जो म्हणेल त्याने मला भेटावं. पण हे त्याला बाहेरच्या कुणी सांगितलेलं नव्हतं, तो स्वतःच म्हणत होता. दोर कापायच्या सल्ल्याचा सगळ्यात मोठा घात मला इथे दिसतो. यश मिळालं तर ते जिद्दीने मिळालं आणि नाही मिळालं तर जिद्द नव्हती, असा हिशेब एकदा मनात बसला की हरणाऱ्याजवळ स्वतःला दोष देण्याशिवाय काही उरत नाही.

आधी सिंहगडाचंच बोलू, कारण सगळं तिथून सुरू होतं. ४ फेब्रुवारी १६७०ची रात्र. तानाजी पडले, मावळ्यांचा धीर सुटला, ते उतरायला लागले आणि सूर्याजीने दोर कापून टाकले, अशी परंपरेने चालत आलेली कथा आहे. ती मलाही प्रिय आहे. लहानपणापासून ऐकतो आहे आणि आजही ऐकताना अंगावर काटा येतो. पण कथेत एक गोष्ट स्पष्ट आहे. दोर कापणारा सूर्याजी स्वतः गडावरच होता. दोर तुटल्यावर जे मावळ्यांचं होणार होतं तेच त्याचं होणार होतं. लढाईही एका रात्रीची होती. शत्रू समोर होता आणि पहाटेपर्यंत निकाल लागणार होता. आमच्या सभागृहात दोर कापायला सांगणारा माणूस भाषण संपवून आपल्या घरी, आपल्या नोकरीवर परत जातो. ज्यांचे दोर कापले गेले ती पोरं कॉट बेसिसच्या खोलीत पाच-सात वर्षं राहतात, आणि पहाट कधी होणार हे कुणालाच माहीत नसतं.

आणि तो गड मुळात परत घ्यावा का लागला, हे या भाषणांत मी कधी ऐकलेलं नाही. जून १६६५ मध्ये पुरंदरचा तह झाला. मिर्झाराजे जयसिंगांसमोर शिवाजी महाराजांनी २३ किल्ले दिले आणि १२ ठेवले. दिलेल्या २३ किल्ल्यांत कोंढाणा, म्हणजेच सिंहगड, होता. म्हणजे ज्या गडाच्या नावाने ‘माघार नाही’ हे शिकवलं जातं, तो गड महाराजांनी माघार घेऊन स्वतः दिला होता. पुढे आग्र्याची कैद झाली, १७ ऑगस्ट १६६६ला तिथून सुटका झाली, त्यानंतर तीनेक वर्षं मोगलांशी सलोखा राखून त्यांनी राज्याची घडी बसवली. १६७०मध्ये एकेक किल्ला परत घ्यायला सुरुवात केली आणि १६७४ला राज्याभिषेक झाला. पुरंदरला ‘एकही किल्ला देणार नाही’ असं म्हणत ते अडून बसले असते तर काय उरलं असतं? ज्याला स्वराज्य उभारायचं होतं त्याने १२ किल्ले हाती राखले आणि पाच वर्षं थांबला. माझ्या लेखी जिद्द ती. हातात आलेलं लिपिकाचं पत्र हा त्या पोराचा एक किल्ला होता. तो राखून पुढची चढाई करायला त्याला कुणीतरी सांगायला हवं होतं. मीही सांगितलं नाही. त्याच्या आनंदाच्या वेळी अपशकुन नको म्हणून गप्प बसलो, ते मला आजही टोचतं.

आता आकडे. २०२३च्या केंद्रीय नागरी सेवा परीक्षेला १०,१६,८५० जणांनी अर्ज केले. त्यांतले ५,९२,१४१ प्रत्यक्ष पूर्वपरीक्षेला बसले. मुख्य परीक्षेला १४,६२४ पात्र ठरले, मुलाखतीला २,८५५ आणि शेवटी शिफारस झाली १,०१६ जणांची. म्हणजे पेपरला बसलेल्या साधारण ५८३ जणांमागे एक. समजा, त्या सगळ्या ५,९२,१४१ जणांनी एकाच रात्री दोर कापले, सगळ्यांची जिद्द दुप्पट झाली, सगळे सोळा-सोळा तास बसले. निवड किती जणांची होणार? तितक्याच. जागा ठरलेल्या आहेत. वाढेल तो फक्त कट-ऑफ. याउलट, धावायला लागलात तर तुमचं वजन उतरेल, शेजाऱ्याचं उतरलं म्हणून तुमचं थांबणार नाही. गाणं शिकायला बसलात तर तुमचा गळा तयार होईल, वर्गातल्या दुसऱ्याचा झाला म्हणून तुमचा अडणार नाही. अशा ध्येयांत मेहनतीचा आणि फळाचा संबंध बराच सरळ असतो. जिथे जागा मोजक्या आणि मागणारे लाखांत, तिथे मेहनत फक्त स्पर्धेत उभं राहण्याची लायकी देते. पुढे पेपर कसा निघाला, वैकल्पिक विषयाला गुण कसे पडले, त्या वर्षी जाहिरात किती जागांची आली, मुळात आली की नाही, हे सगळं असतं. २०१९ पासूनच्या त्या पोराच्या चार वर्षांतलं जवळजवळ एक वर्ष नुसतं तारखा खोडण्यात गेलं. ते कुणाच्या जिद्दीने परत येणार होतं?

समोरच्या बाजूची सगळ्यात भक्कम गोष्ट मी टाळणार नाही. पर्याय मनात असला की जोर कमी होतो, हे प्रयोगात दिसलेलं आहे. जिहे शिन आणि कॅथरीन मिल्कमन या अमेरिकेतल्या संशोधकांनी २०१६ साली तो अभ्यास प्रसिद्ध केला. लोकांना विस्कटलेल्या शब्दांची वाक्यं जुळवायला दिली आणि चांगलं काम केलं तर खाऊ मिळेल असं सांगितलं. काही जणांना आधी विचार करायला लावला, की हा खाऊ नाही मिळाला तर दुसरीकडून तो कसा मिळवाल. ज्यांनी तो विचार केला त्यांचं काम उणं पडलं, कारण पहिलं बक्षीस मिळवायची ओढच कमी झाली. मी हे खरं मानतो. माझ्याही अभ्यासिकेत हे दिसतं. वडिलांचा पेट्रोल पंप असलेला मुलगा दुपारी दोनला उठून जातो.

पण प्रयोग कशाचा होता ते पाहा. काही मिनिटांचं काम, हरल्यास गमवायचा तो खाऊ. पर्यायी वाट कधी ठेवूच नका, असा निष्कर्ष ते करणाऱ्यांनीही काढलेला नाही. काही मिनिटांत जोर थोडा कमी पडणं आणि सहा वर्षांत माणूस मोडणं या दोन गोष्टी एका मापाने मोजता येत नाहीत. लांब पल्ल्याचं पाहायचं तर दुसरा अभ्यास आहे. अमेरिकेतच जोसेफ रॅफी आणि जी फेंग यांनी २०१४मध्ये धंदा सुरू करणाऱ्यांची अनेक वर्षांची माहिती तपासली. नोकरी सोडून थेट उडी घेतलेल्यांपेक्षा, आधी नोकरी सांभाळून धंदा सुरू करून मग पूर्ण वेळ त्यात उतरलेल्यांचा धंदा बंद पडण्याची शक्यता एक तृतीयांशाने कमी निघाली. पाय टेकायला जागा असली की माणूस घाबरून चुकीचे निर्णय घेत नाही, हे त्यात मला दिसतं. परीक्षेच्या हॉलमध्ये काय होतं, हे मुलांच्या तोंडूनच ऐकायला मिळतं. ‘आता नाही निघाली तर संपलं’ असं मनात घेऊन गेलेला मुलगा येत असलेला प्रश्न चुकवतो. दोन उत्तरांत अडकतो, अकारण धोका घेतो, उणे गुण ओढवून घेतो. बाहेर आल्यावर चहाच्या टपरीवर म्हणतो, ‘येत होतं रे मला.’

ज्यांची उदाहरणं देऊन दोर कापायला सांगितलं जातं त्यांच्याच हातात पुष्कळदा दोर होता, हे तर मला फार खटकतं. २०२३च्या त्याच परीक्षेत देशात पहिला आलेला आदित्य श्रीवास्तव तेव्हा आयपीएसचं प्रशिक्षण घेत होता. आदल्या वर्षी त्याचा क्रमांक २३६ होता. पहिला नंबर काढणाऱ्याच्या पायाखाली एक पक्की पायरी होती. आपल्याकडचे डॉ. राजेंद्र भारूड यांची गोष्ट किती भाषणांत सांगितली जाते! धुळे जिल्ह्यातलं त्यांचं आदिवासी घर, आईने उपसलेले कष्ट. ती सांगावीच, ती थोर आहे. पण त्यांच्या हाती एमबीबीएसची पदवीही होती, आणि ती त्यांनी तशाच कष्टाने मिळवलेली होती. झोपडी सांगायची आणि पदवीवरून घाईने पुढे जायचं, यात ऐकणाऱ्या बीए झालेल्या पोराची फसगत होते. तो स्वतःची झोपडी त्या झोपडीशी ताडून पाहतो आणि निघतो.

यावर मला एकदा एका वक्त्याने रागाने विचारलं होतं, ‘म्हणजे गरिबाच्या पोरांनी मोठी स्वप्नं बघायची नाहीत?’ हा प्रश्न मला फार लागला, कारण माझ्याकडची निम्म्याहून जास्त पोरं तशाच घरांतली आहेत. माझं उत्तर असं आहे. श्रीमंताच्या पोराचा दोर कुणाला कापताच येत नाही. तो पाच वेळा नापास झाला तरी दुकान असतं, फ्लॅट असतो, काका-मामांची ओळख असते. ‘दोर कापा’ हे वाक्य दोघांना सारखंच सांगितलं जातं आणि तुटतो फक्त गरिबाचा. त्याचा दोर असतो तरी काय? एखादी लहान नोकरी, बीएड करायची शेवटची संधी, बहिणीच्या लग्नासाठी ठेवलेले आणि आता खोलीच्या भाड्यात चाललेले पैसे. मोठं स्वप्न त्याने जरूर बघावं. त्या स्वप्नाला पाच वर्षं तग धरता येईल एवढा शिधा त्याच्याजवळ असावा, यासाठीच मी भांडतो आहे. वारीला निघालेला माणूससुद्धा मुक्काम आणि शिदोरी ठरवून निघतो, म्हणून विठ्ठलावरची त्याची भक्ती कमी होत नाही.

मग माणूस टिकतो कशावर? लांबच्या कामात उत्साह रोज उठून सोबत येत नाही. चौदा वर्षं पोरांना येताना-जाताना बघून माझं मत असं झालं आहे, की भाषण ऐकून आलेला उत्साह फार तर आठवडाभर पुरतो. सोमवारी अभ्यासिका भरलेली असते, पुढच्या सोमवारी पुन्हा तीच नेहमीची मोजकी तोंडं. टिकणाऱ्यांच्या टेबलावर मला लहान गोष्टी दिसतात. उद्या आल्यावर पहिला अर्धा तास काय करायचं, हे त्यांनी रात्री उठतानाच लिहून ठेवलेलं असतं. पीटर गोलविट्झर या मानसशास्त्रज्ञाने १९९९मध्ये हेच मांडलं. ‘मी भरपूर अभ्यास करेन’ या निश्चयापेक्षा ‘अमुक झालं की मी तमुक करेन’ असं वेळ-ठिकाणासकट ठरवणारे आपलं काम जास्त पार पाडतात. चहा पिऊन टेबलावर बसलो, की कालच्या टेस्टमधले चुकलेले प्रश्न. बस. त्यात मनाला विचारायचंच नसतं की आज इच्छा आहे का.

उलट, ज्यांच्या भिंतीवर गाडीचा आणि बंगल्याचा फोटो मोठा असतो ते लवकर थकतात. लाल दिवा १ मे २०१७ पासून गाड्यांवरून उतरला तरी काही भिंतींवर तो अजून आहे. हीथर कॅप्स आणि गॅब्रिएल ओटिंगेन यांनी २०११मध्ये दाखवून दिलं, की हवं ते मिळाल्याचं गोड चित्र रंगवत बसलं की अंगातली उभारी कमी होते. मन जणू पोहोचल्यासारखं सैलावतं. आम्ही मात्र पोरांना डोळे मिटून ते चित्र बघायला लावतो.

टिकणाऱ्यांना सोबतही असते. चौघं मिळून लक्ष्मीकांतचं राज्यघटनेवरचं पुस्तक प्रकरणाप्रकरणाने वाटून घेतात, रात्री एकमेकांना प्रश्न विचारतात, एक दिवस कुणी आला नाही तर खोलीवर जाऊन उठवतात. दोर कापलेला मुलगा हळूहळू त्या चौघांतून बाहेर पडतो. गावी जात नाही, लग्नाकार्याला जात नाही, मित्राची पोस्ट निघाली की त्याला टाळतो. घरचा फोन आला की बाहेर जिन्यात जातो आणि परत येतो तेव्हा अर्धा तास पुस्तकाचं पान उलटत नाही. हे सगळं तो अभ्यासासाठी करतो आणि त्यानेच अभ्यास आटतो.

नोकरी करून अभ्यास करणं सोपं आहे, असं मी म्हणणार नाही. अवघड आहे. संध्याकाळी डोकं शिणलेलं असतं, मुख्य परीक्षेच्या आधी रजा मिळत नाही, साहेब चांगला नसेल तर ना-हरकत प्रमाणपत्रासाठी खेटे घालावे लागतात. वर्णनात्मक पेपरची तयारी तर मोकळ्या वेळाशिवाय होतच नाही. एखाद्याने हिशेब करून, घरच्यांशी बोलून, ‘दोन वर्षं पूर्ण वेळ देतो, मग थांबतो’ असं ठरवलं तर मी त्याला टेबल देतो आणि पाठीवर हातही ठेवतो. त्याच्याजवळ तारीख असते. आणि थांबायची तारीख हाही एक दोरच आहे.

२७ नंबरच्या टेबलावर गेल्या वर्षापासून एक मुलगी बसते. भिंतीवर त्या जुन्या कागदाच्या गोंदाचे चार डाग अजून आहेत. तिची लिपिक-टंकलेखक म्हणून निवड झाली, नेमणूक साताऱ्याला मिळाली. पत्र हातात घेऊन ती माझ्या टेबलाशी आली आणि विचारलं, ‘काका, हजर होऊ का? सगळे म्हणतात, गेले की अडकले.’ या वेळी मी गप्प बसलो नाही. म्हटलं, ‘हजर हो. टेबल तुझंच राहील, फी अर्धी दे.’ शुक्रवारी कार्यालय सुटलं की ती एसटीने स्वारगेटला उतरते. शनिवारी सकाळी सातला मी शटर वर करतो तेव्हा ती पायरीवर बसलेली असते. गोंदाच्या डागांवर तिने एक छोटी चिठ्ठी लावली आहे, ‘शनिवार ७ ते ९ : चुकलेले प्रश्न’. रविवारी संध्याकाळी पाचला ती पुस्तकं टेबलाखालच्या खोक्यात ठेवते, पहिल्या पगारातून आईसाठी घेतलेली शाल खांद्यावर नीट करते, कारण आईने ती तिलाच वापरायला लावली आहे, आणि सातारची गाडी पकडायला निघते.